ताईच्या आवाजात

आत्मचरित्र म्हातारपणी लिहायचं असतं म्हणे. गुडघे कुरकुरायला लागले, नातवंडं मांडीवर आली, की मग माणूस मागचं आठवत बसतो. माझं एक पान लिहून व्हायला दोन-दोन दिवस जातात. म्हातारपणाची वाट बघत बसले तर पहिल्या प्रकरणातच माझा कारभार आटोपायचा. म्हणून केसांत चार पांढरे दिसायला लागलेत तेवढ्या भांडवलावर मी लिहायला घेतलंय. आणि एक आधीच सांगून ठेवते, हे मीच लिहिलंय. 'छान आहे, पण कुणी लिहून दिलं गं?' असं विचारणारी माणसं अजून भेटतात. त्यांना मी काही बोलत नाही, नुसती टक लावून बघते. माझं बघणं बऱ्याच जणांना झेपत नाही.

आमचं घर कर्जतहून खालापूरकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत. पुढे ओटी, मग मधली खोली, मागे स्वयंपाकघर आणि परसात आईच्या कोंबड्या. बाबा रसायनीच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे, पावसाळ्यात भातालाही बघायचे. आई घरात. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी अर्चनाताई, आणि मी मनीषा, सगळ्यांची मनी. मी जन्मताना रडायला उशीर केला आणि तेवढ्यात डोक्यात जे बिघडायचं ते बिघडून गेलं. हातपाय माझे आहेत, पण माझं ऐकत नाहीत. मी गप्प बसले तरी माझं अंग गप्प बसत नाही. मान एकीकडे, हात दुसरीकडे, पाय खुर्चीच्या पट्ट्यांतून सुटायला बघतात. आणि जीभ तोंडात नुसती वळवळते, तिला शब्द धरता येत नाही. डोकं मात्र शाबूत. हे डोकं शाबूत असल्याचं कुणाला कळवायचं कसं, या एकाच प्रश्नात माझी पहिली सोळा-सतरा वर्षं गेली.

आमच्या घरात बोलायची एक पद्धत होती, अंदाजपंचे. मी आवाज केला की आई चुलीपुढून किंवा बिरड्याचे वाल सोलता सोलता, मान वर न करता सुरू व्हायची. "पानी पायजे? नाय? भूक? नाय? मुतायला? नाय? मग काय गं, डास चावतोय?" 'हो' म्हणायला मी डोळे वर करायची आणि 'नाही' म्हणायला मान फिरवायची. पण मान तशीही आपणहून फिरायची, त्यामुळे माझी निम्मी 'हो'सुद्धा 'नाही'त जमा व्हायची. आईची यादी संपली की माझं म्हणणंही संपलं असं धरलं जायचं. मला सांगायचं असायचं की काल टीव्हीवरच्या मालिकेतली सासू आपल्या मामीसारखी दिसते. हे आईच्या यादीत कुठून येणार? मग मी चिडायची, ओरडायची, आणि आई म्हणायची, "उकडतंय वाटतं तिला," आणि पंखा वाढवायची. अशा किती पंख्यांखाली मी गारठून बसले असेन! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तसा मार मी आपल्याच माणसांच्या मायेचा खाल्लाय.

मग कर्जतला माझ्यासारख्या मुलांच्या व्यायामाचं एक केंद्र होतं, तिथल्या मॅडमनी मला एक टॅब मिळवून दिला. त्याच्यात चौकोन होते, प्रत्येक चौकोनावर चित्र. चित्र दाबलं की टॅब बोलतो. बोट माझं एका जागी टिकत नाही म्हणून बाबांनी पारदर्शक प्लास्टिकचा जाड पत्रा आणला आणि त्याला चौकोनांच्या मापाची भोकं पाडली. पत्रा टॅबवर बसवला की माझी मूठ घसरत घसरत योग्य भोकात अडकायची, आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर खाली टेकायचं. पहिल्यांदा टेकलं तेव्हा टॅबमधून एक बाई म्हणाली, "मला पाणी हवे आहे." अगदी बातम्या द्यायच्या आवाजात. आई दचकून दारापर्यंत बघून आली. "ही कोण बाय घरात शिरली?" म्हणाली. बाबा हसून लोटपोट. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यात पहिला शब्द बोलले, तो या असल्या कडक इस्त्रीच्या बाईच्या तोंडून! आमच्या घरात 'हवे आहे' असं कुणाच्या बापजन्मात कुणी म्हटलं नव्हतं.

त्यावर तोडगा काढला तो ताईनेच. मॅडम म्हणाल्या होत्या की चौकोनांत कुणाचाही आवाज भरता येतो. ताई म्हणाली, "माझा भरूया." तिचा आवाज फार गोड. त्याच आवाजावर तिला जवळच्या एका रिसॉर्टमध्ये स्वागताला नोकरी लागली होती. आम्ही दुपारी मधल्या खोलीत दार लावून बसलो. पंखा बंद, खिडकी बंद, दोघी घामाने चिंब. ती चित्र दाखवायची, मी डोळे वर करायची, ती बोलायची. "पानी दे." "भूक लागली." "दुखतंय मला." "बाहेर ने." "टीवी लाव." कोंबड्यांना कोण गप्प करणार? 'भूक लागली'च्या मागे एक कोंबडी कलकलली ती तशीच राहिली, आणि नंतर मी जेवण मागितलं की आधी ती ऐकू यायची. मग ताईने स्वतःहून एक चौकोन भरला, "ताई, इकडं ये गं!" स्वतःच्या आवाजात स्वतःलाच हाक, आणि भरताना तिला हसू आवरेना. मी एका रिकाम्या चौकोनाकडे बघत राहिले. तिने विचारलं, "शिवी पायजे काय तुला?" मी डोळे एवढे वर केले की ती पोट धरून लोळली. शेवटी शिवी नाही, पण "गप बस!" भरून दिलं, चांगलं ठसक्यात. त्या दुपारी मी जगातली सगळ्यात सुखी मुलगी होते, यात मला आजही शंका नाही.

पुढचे काही महिने मी घरात नुसता उच्छाद मांडला. मामा आला की "गप बस", बाबा घोरायला लागले की "गप बस". आई म्हणायची, "एक अर्चना कमी होती म्हणून दुसरी आनली." लांबून ऐकणाऱ्याला कळायचं नाही की दोघींपैकी कोण बोलतंय. शेजारची काकू तर ओटीवरूनच 'अर्चना, कामाला नाय गेलीस?' असं विचारायची. मला याची गंमत वाटायची. आपला आवाज दुसऱ्याचा आहे ही गोष्ट बोचायला थोडा वेळ लागतो.

त्याच वर्षी हिवाळ्यात ताईला स्थळ आलं. कळंबकडचं, घरची भाताची जमीन, मुलगा एकुलता. ताईने त्याला कुणाच्या तरी हळदीत लांबून पाहिलं होतं आणि तिला तो आवडलाही होता, हे मला तिच्या तोंडावरून कळलं. घरात धावपळ सुरू झाली. ओटीला नवा रंग लागला, मामाची रोजची फेरी सुरू झाली. हा मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, आमच्याकडच्या सगळ्या मोठ्या गोष्टी त्याच्या सल्ल्याने चालायच्या. एका संध्याकाळी परसात पोपटी लावली होती. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, वर भांबुर्ड्याचा पाला, आणि भोवती पेंढ्याचा जाळ. सगळे जाळाभोवती, मीही खुर्चीत. मला ऐकू येत नाही असा आमच्या घरात कुणाचा समज नव्हता, पण मला ऐकू येतं हे लक्षातही कुणाच्या राहायचं नाही. मामा म्हणाला, "मनीचं आताच काय सांगू नका. लोक म्हनतात, घरात दोष हाय, पुढं पोराबाळांत उतरंल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आनि लग्नात?" आईने विचारलं.

"लग्नात तिला चार दिस पनवेलला मावशीकडं ठेवा."

बाबा काठीने जाळ सारखा करत राहिले. मी ताईकडे बघितलं. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. ती शेंग सोलत होती. सोलून तिने दाणे आईच्या हातावर ठेवले, मला भरवायला, आणि म्हणाली, "बघू. मावशी ठेवंल का पन?" एवढंच. मावशी ठेवेल का! मामा बोलला त्याचं काही नाही, मामा बोलतच असतो. पण माझ्या बहिणीच्या लग्नात मी नसणार, आणि एकदा नसले की पुढे तिच्या घरी, तिच्या पोरांच्या बारशाला, कुठेच कधी असणार नाही. कारण जी बहीण लग्नात नव्हती ती नंतर कुठून काढणार? हे मला तिथल्या तिथे दिसलं, आणि ताईलाही दिसत असणारच. त्या दिवसापासून माझं अंग जे सुटलं ते थांबेचना. पट्टे कुरतडले, रात्रीची आईची झोप घालवली. आई यादी म्हणत राहिली. पाणी, भूक, डास. 'मला ताईच्या लग्नाला जायचंय' असा चौकोनच नव्हता.

बघायला आले त्या दिवशी मला नवा ड्रेस घातला, वेणी घातली, आणि मधल्या खोलीत नेऊन ठेवलं. लपवायचंच आहे तर वेणी कशाला घालता, हे विचारायला माझ्याकडे तोंड असतं तर! टॅब नेला असता तर मी ओरडले असते, म्हणून ताईने स्वतः तो माझ्यापुढे लावला, आवाज पार खाली केला आणि कानाशी आली. "मने, गानी बघ हां. थोडाच वेळ. माझी शानी ना तू?" तिच्या अंगाला अत्तराचा वास येत होता आणि हात गार पडले होते. तिने दार ओढून घेतलं.

बाहेर गाडी थांबली, चपला वाजल्या, पाणी झालं, कांदेपोहे झाले. मला सगळं ऐकू येत होतं. मुलाच्या आईचा आवाज जाड होता, पण प्रेमळ. त्या विचारत होत्या, "स्वयंपाक काय काय येतो गं बाय तुला?" आणि ताई म्हणाली, "सगळं येतं, बिरडं आवडतं करायला." खोटारडी! बिरडं करते आई, ही नुसती खाते. मग त्या बाईंनी विचारलं, "भावंडं किती तुमी?"

माझ्या आयुष्यात मी कशाचीही एवढी वाट बघितली नाही, जेवढी त्या उत्तराची बघितली.

"एकटीच हाय," ताई म्हणाली.

मामा बोलला असता तर मी सोडून दिलं असतं. देवाशप्पथ. गाणं केव्हाच संपून पडद्यावर चौकोन परत आले होते, आणि टॅबच्या बाजूला आवाज वाढवायचं बटण होतं. मी टॅब खुर्चीच्या हातावर रेटला, ते बटण हातावर दाबलं गेलं आणि दाबलेलंच राहिलं. मग मूठ पत्र्यावर टाकली. 

"बाहेर ने!"

ओटीवरचं बोलणं जागच्या जागी थांबलं. कारण आवाज ताईचा होता, आणि ताई त्यांच्यासमोर तोंड मिटून बसली होती. "टीवी हाय, टीवी," मामा घाईने म्हणाला. त्या बाई म्हणाल्या, "नाय हो. आवाज तर हिचाच हाय. काय गं?" आणि माझी ताई, गोड आवाजाची माझी ताई म्हणाली, "मोबाइल हाय, मावशी. रेकॉर्डिंग हाय माझं."

रेकॉर्डिंग. मी रेकॉर्डिंग! संतापाने माझ्या हाताला असा झटका आला की मूठ सरळ खालच्या ओळीत जाऊन बसली. "गप बस!" ताईच्याच ठसक्यात. कुणीतरी बशी खाली ठेवली. हात माझा आता माझ्या ताब्यात नव्हता, पण त्या दिवशी पहिल्यांदाच त्याचं आणि माझं एकमत होतं. तो शेजारच्या भोकात गेला. "ताई, इकडं ये गं!" पुन्हा. "ताई, इकडं ये गं! ताई, इकडं ये गं!" हसू दाबत भरलेली ती हाक साऱ्या घरातून फिरत राहिली.

दार उघडलं. ताई उभी होती, आणि तिच्या खांद्यावरून मुलाची आई बघत होती. माझा ड्रेस, माझी वेणी, तोंडातून गळलेली लाळ, सगळं त्यांनी पाहिलं. "अगं बाय! ही कोन?" त्या म्हणाल्या.

"बहीन हाय माझी," ताई म्हणाली. मला वाटलं होतं हे ऐकून माझं समाधान होईल. झालं नाही. ती माझ्याकडे बघत नव्हती, उंबऱ्याकडे बघत होती.

त्या बाई आत आल्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आईला म्हणाल्या, "वेनी छान घातलीया." चहा न घेता मंडळी निघाली. 'कळवतो' म्हणाले आणि कधीच कळवलं नाही. मामाच्या मते माझ्यामुळे, आईच्या मते खोटं बोललो त्यामुळे, बाबांच्या मते त्यांना जास्त शिकलेली मुलगी पाहिजे होती. खरं काय ते त्या बाईंनाच ठाऊक.

ताई रागावली नाही, आणि तेच वाईट झालं. तिने माझ्याशी बोलणंच टाकलं. मी टॅबवर पाणी मागितलं की ती घरातून बाहेर निघून जायची. मीही हट्टाने मागायची, तहान नसली तरी मागायची. 'ताई, इकडं ये गं' तर येता-जाता. एकदा ती कामावरून आली, दमलेली, चपला काढत होती, आणि मी तेच दाबलं. ती गर्रकन वळून आईला म्हणाली, "हिच्या मशीनमधून माझा आवाज काढा. मला माझ्याच घरात माझा आवाज ऐकवत नाय. माझा आवाज घेऊन माझ्याच मुळावर आली ही." आई रडायला लागली. "अगं, मग ती बोलंल कशी?" ताई म्हणाली, "मला ठावं नाय."

त्या आठवड्यात केंद्रात गेल्यावर मी मॅडमना डोळ्यांनी सारखी अक्षरांचा तक्ता दाखवत राहिले. अक्षरं मला येत होती, त्यांनीच शिकवली होती, पण एक शब्द जुळवायला भाकरी करपायची, म्हणून घरात कुणी त्या वाटेला जात नव्हतं. मी मॅडमना एकेक अक्षर दाखवून सांगितलं, ताईचा आवाज काढून टाका. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. मी डोळे वर केले. चौकोन गेले, कोंबडीसकट गेले, आणि त्यांच्या जागी अक्षरं आली आणि ती बातम्यांची बाई आली. परत येताना रिक्षात मी रडले. आईला वाटलं, ऊन लागतंय. तिने माझ्या तोंडावर पदर धरला.

मग मी सराव केला. दुसरं काम तरी काय होतं? अंग वेडंवाकडं धावत असताना एका अक्षरापासून दुसऱ्यापर्यंत मूठ नेणं म्हणजे काय, ते इथे समजावून सांगत बसत नाही. घरात आणखी एक अडचण होती. मी 'प' लावला की आई म्हणायची "पानी!" आणि उठायचीच. वाक्य पुरं करायची संधी मला कुणी देईना. सगळे मायाळू, सगळे घाईत.

एका सकाळी ताई कामाला निघाली होती. रिसॉर्टवर नेणारी रिक्षा दारात येऊन हॉर्न वाजवत होती. बाबा पाळीवरून येऊन झोपले होते, आई भाकरी थापत होती. ताई चप्पल घालत असताना टॅबमधून ती बाई म्हणाली, "थांब."

ताईने आधी आजूबाजूला पाहिलं, मग माझ्याकडे. मी मूठ उचलली. 'म'. 'ल'. घसरली, चुकलं, पुसलं, पुन्हा. रिक्षावाल्याने हॉर्न दिला. आई चुलीपुढून म्हणाली, "मळमळतंय का गं मने? थांब, लिंबू देते."

"आई, तू गप," ताई म्हणाली. "ती बोलतेय."

आईचा हात पिठात तसाच राहिला. मी बोलत राहिले. घाम डोळ्यांत जात होता, हॉर्न वाजत होता, आणि ताई खांद्याला पर्स लावून, एका पायात चप्पल घालून उभी होती. शेवटी ती बाई सपाट, शहरी सुरात सगळं एकदम बोलली. "मला लपवलंस ते तू. मामा नाय. आई नाय. एकटीच हाय म्हणालीस ते तू."

त्या बाईला 'नाय' आणि 'हाय' नीट म्हणता येत नव्हतं, पण कळायचं ते कळलं. ताईचं तोंड लालभडक झालं. "हो, मीच!" ती ओरडली. "मला लगीन करायचं होतं! मला तो पोरगा आवडला होता. सोळा वर्सं तुझं करतेय मी, मला एक दिवस एकटी व्हावंसं वाटलं तर काय झालं? आनि तू काय केलंस? माझ्याच तोंडानं मला गप बस म्हनलीस, पावन्यांसमोर!" बाबा जागे होऊन दारात आले. घरात माझ्यावर असं कुणी कधी ओरडलं नव्हतं. मला सगळे जपायचे, पुसायचे, भरवायचे. माझ्याशी भांडायची लायकी आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला हसू येत होतं.

मी पुन्हा मूठ उचलली. पुढचं वाक्य लांब होतं. बाहेर रिक्षावाला ओरडला, "ताई, येताय का जाऊ?"

"जा तू," ताई म्हणाली. तिने पायातली चप्पल काढून भिरकावली, पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली आणि माझ्या खुर्चीसमोर मांडी घालून बसली. "बोल," म्हणाली. "किती वेळ लागायचाय तो लागू दे. मग मी बोलनार हाय."